चोरीचा रविवार

"आलोच हं, दोन मिनिटांत," असं बायकोला सांगून आमचे शेजारी बाहेर पडत आणि जिन्याच्या पायरीवर बसत. खिशातला छोटा रेडिओ बारीक आवाजात कानाला लावत. बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. ती पडून असताना आपण गाणी ऐकायची, याची त्यांना लाज वाटे.

धायरीच्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं. मी एकदा विचारलं, "अहो, रेडिओ चोरून आणलाय का?"

"हळू बोला," ते म्हणाले, "तिला ऐकू जाईल."

साप्ताहिकही तिथेच वाचत. मी चौथी शिकलेली, मला वाचायला वेळ लागतो. मग ते मला विनोद वाचून दाखवत आणि हसू आलं की तोंडावर रुमाल धरत. असा हसणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तरी दुसरा पाहिला नाही.

एका रविवारी त्यांच्या बायकोजवळ कामाच्या बाई होत्या, म्हणून माझ्या मुलाने शेजाऱ्यांना आमच्याबरोबर खडकवासल्याला नेलं. बायकोला त्यांनी सांगितलं, सोसायटीची मीटिंग आहे. धरणावर कणीस खाल्लं, भजी खाल्ली. माझ्या नातीने हात ओढला तसे काठावरच्या पाण्यात उतरले आणि मोठ्याने हसले.

परतताना पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "मीटिंगमध्ये कसा भिजलो म्हणून सांगू?" शेवटी मुलाचा लेंगा त्यांना दिला, पँट माझ्या गॅलरीत वाळवली, वर इस्त्री फिरवली, आणि मगच ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बायकोला बघायला गेले. ते कोपऱ्यात औषध काढत होते.

"काकू," ती म्हणाली, "मीटिंगला गेलेला माणूस उन्हात रापून येतो का? शर्टाला भाजक्या कणसाचा वास. माझे पाय गेलेत, नाक-कान नाही. मी दिवसभर छत बघते, आणि हे बाहेरचं सगळं जिन्यात ठेवून येतात."

इस्त्री माझी. मला मान वर करवेना.

"खडकवासल्यालाच गेला होतात ना? काय होतं?" तिने त्यांना विचारलं.

"पाणी होतं."

"धरणात पाणीच असतं. आणखी?"

"गर्दी होती."

"आणि तुम्ही?"

त्यांचा चेहरा पार उतरला. औषधाची बाटली खाली ठेवून म्हणाले, "मी पाण्यात उतरलो होतो."

"बसा इथे," ती म्हणाली. "कुठपर्यंत?"

ते पलंगाच्या कडेवर बसले आणि गुडघ्याला हात लावून त्यांनी दाखवलं.