मुक्कामाची वही

लिफ्ट बसवणाऱ्या त्या फिटरला सगळे मुक्कामराव म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. बत्तीस वर्षं गावोगाव लिफ्ट बसवताना तो जिथे जिथे झोपला, ते त्याने वहीत टिपून ठेवलं होतं. तारीख, जागा, आणि झोप कशी लागली. 'सिमेंटच्या गोण्यांवर. बरी.' 'साडूकडे. साडू घोरतो, झोपेचं खोबरं.' लोक कामाची हजेरी मांडतात, हा पठ्ठ्या झोपेची मांडायचा. जागा मात्र तो दिवसाच लिहून टाकी, कारण पाठ टेकली की मेल्यासारखा पडायचा. झोपेचा शेरा सकाळी.

आई गेल्यावर पाच महिन्यांनी परदेशातली ताई आली. तिला शेवटच्या वेळी पोचता आलं नव्हतं. "तू होतास ना आईजवळ, तेवढाच माझ्या जिवाला आधार," असं ती दर फोनला म्हणे, आणि दर फोनला हा मूग गिळून बसे.

तो चहा घेऊन बाहेर आला, तर वही तिच्या मांडीवर, आईच्या शेवटच्या रात्रीचं पान उघडलेलं.

"'हॉस्पिटल. आईच्या उशाशी, खुर्चीत,'" तिने मोठ्याने वाचलं आणि डोळे पुसले. "हे पान मला दे रे. मुलांना दाखवेन, मामा कसा आहे ते."

मामा कसा आहे! त्याला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती ओळ त्याने त्या दिवशी दुपारीच लिहिली होती. नंतर किती वेळा पेन उघडलं असेल. एक रेघ मारायची होती, पण तेवढीही हिंमत झाली नाही.

"झोपेचं मात्र लिहिलं नाहीस," ती म्हणाली. "लागलीच नसेल म्हणा."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. ताईने स्वतःच वाट करून दिली होती.

"लागली," तो म्हणाला. "गाढ लागली. घरी, ताई. संध्याकाळी अंघोळीला आलो आणि पाच मिनिटं आडवा झालो. उठलो तर उजाडलेलं. हॉस्पिटलचे अकरा फोन येऊन गेले होते."

चहावर साय धरली. ताईने वही मिटली नाही, की त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मग आईजवळ कोण होतं?"

"कोणीच नव्हतं."