चाकातलं पाणी

शनिवारी सकाळी बंगळूरजवळ सर्जापूरच्या पुढे आमचा जमिनीचा तुकडा आहे, तिथे गेले होते. जुना ट्रॅक्टर न्यायला माणसं येणार होती...

श्रीकांत, माझा नवरा, गेल्या दिवाळीनंतर गेला. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाल्यावर त्याने हा ट्रॅक्टर हौसेने घेतला होता, नाचणीपुरता. मुलगी म्हणाली, आई, नुसता उभा राहून गंजेल, देऊन टाक. मलाही ते पटलं होतं.

घेणारे नागराज माळूरकडचे. त्यांना विटांची ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर हवा होता. बरोबर मंजू नावाचा त्यांचा ड्रायव्हर होता. त्याने मागच्या मोठ्या टायरवर थाप मारली आणि म्हणाला, "अण्णा, आत पाणी आहे."

"काढून टाकू या, अम्मा," नागराज मला म्हणाले. "आम्हाला रस्त्यावर चालवायचाय. एवढ्या वजनाने ब्रेक मारला तरी लवकर थांबत नाही."

मी म्हटलं, "सरी, चालेल."

चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून ती जड करायला टायरमध्ये पाणी भरतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी श्रीकांतची चेष्टा केली होती. "उद्या माझ्या स्कूटरला चहा पाज." तो म्हणाला, "स्कूटर बंगळूरची आहे, तिला कॉफी लागेल. तू पाइप नीट धर."

बोअरचं पाणी त्याला चालायचं नाही, त्यातल्या क्षारांनी व्हॉल्व्ह खराब होतो म्हणायचा. शेडच्या पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून, माझ्या जुन्या ओढणीतून गाळून त्याने ते भरलं होतं. व्हॉल्व्ह वर आणायचा, तिथपर्यंत पाणी, उरलेल्या जागेत हवा... मला ते सगळं अजून पाठ आहे. ट्रॅक्टर मात्र मी कधी चालवला नाही.

मंजूने गेटाजवळच जॅक लावला, व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणला आणि आतली पिन काढली. पाणी जोरात बाहेर आलं. थोडं काळपट, रबराचा वास असलेलं. उतारावरून ते गेटाबाहेर रस्त्याकडे वाहायला लागलं...

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे त्याने भरलेलं पाणी आहे. त्याचे कपडे मी देऊन टाकले होते, चष्मासुद्धा, आणि ते फार जड गेलं नव्हतं. इथे मात्र "थांबा" म्हणावंसं वाटलं.

पण कारण काय सांगणार? परकी माणसं, त्यांना पुढची कामं... मी थर्मास उघडून त्यांच्यासाठी चहा ओतत राहिले. तोवर ते चाक रिकामं झालं.

मंजू दुसऱ्या चाकाकडे वळला तेव्हा कशीबशी बोलले. "हे इथे नको. तिकडे फणसाजवळ काढा." फणस श्रीकांतनेच लावलेला, पार टोकाला.

नागराज म्हणाले, "झाडाला पाणी हवं असेल तर बोअर चालू करू की, अम्मा."

"बोअरचं नको."

"एक चाक जड, एक हलकं. वाकडा चालेल तो."

"चालू दे स्वल्प वाकडा," मी म्हटलं. माझ्या कन्नडवर दोघेही हसले, पण ऐकलं.

रिकाम्या चाकात हवा भरून मंजू निघाला. भुसभुशीत मातीत हलकं चाक नुसतंच फिरायचं आणि ट्रॅक्टर सारखा एका बाजूला जायचा. श्रीकांत असता तर असं का होतं, ते सगळ्यांना थांबवून समजावलं असतं त्याने...

फणसाच्या आळ्यात पाणी पडायला लागलं. मंजूने काही विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "माझ्या नवऱ्याने भरलं होतं."

धार बंद झाल्यावर मी विचारलं, "निघालं सगळं?"

"सगळं नाही निघत, अम्मा. तळाला थोडं राहतं. त्या चाकातही आहे."

"बारीक नळी घालून ओढून काढता येतं," नागराज म्हणाले.

"कशाला, अण्णा? थोड्याने काय होतंय," मंजू म्हणाला. "राहू दे." आणि पिन बसवून त्याने वरचं टोपण घट्ट पिळलं.

ते गेल्यावर मी गेटाला कुलूप लावलं. बाहेरची माती अजून ओली होती. तिच्यावरून न्यायला नको म्हणून गाडी अगदी कडेने काढली... उशीरच झाला होता तसा. पहिल्या चाकाच्या वेळीच बोलायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या माणसांनी ऐकलं असतं, हे आता कळतंय.

मंजूचे आभार मानायचे त्या गडबडीत राहून गेले. तो मराठी वाचत नाही, तरी इथे लिहून ठेवते. माळूरच्या रस्त्यावर विटा घेऊन जाणारा एक जुना लाल ट्रॅक्टर दिसला, तर त्याला जरा पुढे जाऊ द्या... त्यात आमच्याकडचं थोडं पाणी अजून आहे.