जिनं मला पाडलं

फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूकडे लोकांचं लक्ष जातं ते तिच्याकडून चूक झाली की. मी वर्षानुवर्षं सेंटर बॅक खेळले, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्या स्ट्रायकरला अडवण्याचं काम केलं. पोटापाण्यासाठी केलं, हे आजही लालबागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "पण नोकरी काय करायचीस?"

पहिला करार ठरत आला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दक्षिणेतल्या एका क्लबनं बोलावलं होतं. जायच्या आधी इथल्या लीगची एकच मॅच उरली होती. कोच म्हणाले होते, "नाही खेळलीस तरी चालेल." मी खेळले. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमची स्ट्रायकर बॉल घेऊन सुसाट आली, मी पाय घालून बॉल काढला, आणि तिचं सगळं अंग माझ्या गुडघ्यावर आलं. आतून काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. लिगामेंट फाटलं होतं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि क्लबचा निरोप आला, की बरी झालीस की कळव, पुढचं पुढे बघू.

घरी येऊन आठवडा झाला असेल. दुपारी बेल वाजली. आईनं दार उघडलं तर तीच मुलगी, हातात ओली पिशवी. कफ परेडच्या मच्छीमार नगरची. वडिलांची होडी होती, हे मला तेव्हाच कळलं.

आई दारातून हललीच नाही. तिच्या मालवणीत तिनं विचारलं, "माझ्या चेडवाचो गुडघो मोडलंस तो तूच मां?"

"हो मावशी," ती म्हणाली.  मान खाली घालूनच तिनं पिशवी पुढे केली.

आईनं पिशवी घेतली, आतली पापलेटं काढून कल्ले उचलून बघितले, पुन्हा तिच्याकडे बघितलं. "ताजी आसत," म्हणाली, जणू हाही तिचाच अपराध. मग बाजूला झाली. "ये. चप्पल भायर काढ."

माझ्याजवळ बसून ती म्हणाली, "बॉल तुझा होता. तरी मी थांबले नाही." मैदानावर असं कुणी कबूल करत नाही. मला रडायला आलं आणि रागही आला, कारण इतके दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घालून वेळ काढत होते. आता तेही गेलं.

त्यानंतर ती येतच राहिली. फिजिओनं दिलेले व्यायाम मी टाळायचे, दुखायचं म्हणून. ती समोर मांडी घालून बसायची आणि सोडायची नाही. "अजून एकदा. रडत कर, पण कर." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "गो, हळू!" आणि थोड्या वेळानं दोघींना चहा आणून द्यायची. कुबड्या सुटल्यावर तिनं मला त्यांच्या वस्तीत नेलं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही किनाऱ्याच्या ओल्या वाळूत चालायचो, पुढे हळूहळू पळायला लागलो. जाळी विणत बसलेल्या बायका हसायच्या. त्यांच्यासमोर लंगडायची लाज वाटून मी सरळ पळायला शिकले.

गुडघा बरा झाला, पण भीती गेली नाही. परळच्या मैदानावर ती बॉल घेऊन अंगावर यायची आणि मी ऐन वेळी पाय मागे घ्यायचे. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. शेवटी तिनं बॉल हातात घेतला.

"तू मला मुद्दाम जाऊ देतेयस."

"भीती वाटते गं."

"मला पण वाटते. परत तुझा पाय मोडला तर मी कुठे जाऊ? तरी येतेय ना?"

तिलाही भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी पाय घातला. बॉल स्वच्छ निघाला, ती धुळीत उताणी पडली आणि तशीच पडून हसत राहिली. मी तिच्या बाजूला मटकन बसले.

पुढच्या मोसमात त्याच क्लबनं मला चाचणीला बोलावलं आणि घेतलं. ती मात्र इथेच राहिली. वडिलांनंतर होडीचं काम भावासोबत बघू लागली. करार तिलाही मिळायला हवा होता, असं मला आजही वाटतं. ती म्हणते, "तू खेळलीस ना, झालं."

माझी शेवटची मॅच गेल्या वर्षी मुंबईतच झाली. त्या दुखापतीनंतर आई कधी मैदानात आली नव्हती. त्या दिवशी माझी ही मैत्रीण तिला हाताला धरून घेऊन आली. मॅच संपत आली असताना मी समोरच्या कोवळ्या स्ट्रायकरला टॅकल केलं, ती पडली, आणि सगळ्या गोंगाटात मला आईचा आवाज ओळखू आला. "लागला काय गो तिका?"

मी हात देऊन तिला उठवलं. लागलं नव्हतं. आम्ही मॅच एका गोलनं हरलो. माझ्या निरोपाला क्लबनं हार आणला होता. फोटो काढताना मी आईला बोलावलं, आणि लाजून मागे थांबलेल्या माझ्या मैत्रिणीला दंडाला धरून ओढून आणलं. फोटोवाल्यानं विचारलं, "या कोण, बहीण का?"

मी हो म्हणाले.