डाव्या दारातले सर

आमची वहिनी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, तोंडात बघते. ती कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि घासूनपुसून कुणाच्या तरी हसण्याची सोय करून देते. ओळख करून दिलेल्या माणसाचं नाव ती दुसऱ्या मिनिटाला विसरते, पण ‘तो, पुढचा दात आडवा असलेला’ म्हटलं की तिला अख्खं खानदान आठवतं. माझ्या बाबांची कवळीही तिनेच केलेली आहे. दात सुनेचे आणि ओठ आपले, तेव्हा बोलायचं जपून, असं बाबा म्हणतात. आईला हे तत्त्व कधी लागू पडलं नाही, कारण तिचे दात अजून तिचेच आहेत.

औषधांच्या दुकानामागे एक खोली आहे, तीच वहिनीची कार्यशाळा. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर जबड्यांची रांग, आणि दिवसभर किंचाळणारं घासायचं यंत्र. कानांवर जाड झाकणं लावून ती काम करते. संध्याकाळी घरी यावं, तर आईची मालिका एका खोलीत, बाबांच्या बातम्या दुसऱ्या खोलीत आणि माझा दादा दोन्हींच्या मधल्या दारात उभा राहून फोनवर ओरडत असतो. मीही शांत माणूस आहे असा माझा दावा नाही.

एवढ्या गलक्यात वहिनीच्या मालकीची शांतता एकच होती. आमची जुनी छोटी गाडी. बाबांनी कधीकाळी हौसेने घेतलेली, काचा हाताने फिरवायच्या, समोरचा खण रबरबँड लावून बंद ठेवायचा. बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती वहिनीकडे आली. गाडीतलं गाण्याचं यंत्र तिच्याइतकंच म्हातारं होतं. उजव्या दारातला स्पीकर सर्दी झाल्यासारखा नाकात बोलायचा. डावं दार कित्येक वर्षं मुकं होतं. त्या बाजूला आई बसायची आणि म्हणायची, “इकडून आवाज येत नाही तेच बरं. एक बाजू तरी शांत.” त्यामुळे ते कुणी दुरुस्त केलं नाही. आमच्या घरात बिघडलेल्या वस्तूची एकदा सवय झाली की तिला बिघडलेली म्हणत नाहीत.

एक दिवस शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. “तुझी वहिनी बरी आहे ना रे? रोज गाडी लावते, काचा बंद करते आणि आत एकटीच बसून कुणाशी तरी भांडते. हातवारेसुद्धा करते.”

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर आलो आणि भिंतीआड उभा राहिलो. वहिनी भांडत नव्हती. गात होती. काचेआडून मला एकही सूर ऐकू आला नाही, पण गळ्याच्या शिरा आणि बंद डोळे दिसले. मी काचेवर टकटक केली तेव्हा तिचा चेहरा असा झाला की जणू मी न्हाणीघराचं दार उघडलं होतं.

मग सगळं बाहेर पडलं. गेल्या वर्षापासून ती दर शनिवारी शाळेच्या सभागृहात एका गायनवृंदात जात होती. घरी फक्त दादाला ठाऊक होतं. ती मागच्या रांगेत, उंच माणसांच्या पाठीमागे उभी राहायची. पण वृंदाचे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक, त्यांना मागच्या रांगेतलं कॉपी करणारं पोरही ऐकू यायचं म्हणे. त्यांनी तिला पुढे ओढलं आणि वार्षिक कार्यक्रमात दोन आवाजांचं एक गाणं तिला आणि पोस्टातल्या ताईंना दिलं. वरचा आवाज ताईंचा, खालचा वहिनीचा. सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेले होते. जाताना त्यांनी स्वतः गाऊन रेकॉर्ड केलेलं गाणं दोघींना पाठवलं आणि सांगितलं, “ऐका, पाठ करा. मी आलो की एक तालीम, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम.”

“आजवर मी लोकांसमोर पुढे उभी राहून गायले नाहीये, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “लहानपणी सगळे म्हणायचे, आवाज जाडा आहे, तू टाळ्या वाजव. हे एकदा नीट झालं ना, तर माझ्या मनातलं ते टाळ्या वाजवणं बंद होईल. आणि नाही झालं तर मी परत मागे जाऊन उभी राहीन. कायमची.”

एवढं ऐकून दुसरं कुणी गप्प बसलं असतं. मी विमा कंपनीत असलो तरी कानाने जन्मजात तज्ज्ञ आहे, असं माझं मत आहे. असं सोन्यासारखं माणूस त्या नाकात बोलणाऱ्या स्पीकरवर रियाज करतंय, हे मला सहन होईना. मी म्हटलं, गाडीला नवी यंत्रणा बसवू. वहिनी म्हणाली, “आहे ते बरंय. तुम्ही हात लावू नका.” हे वाक्य आमच्या घरात मला सगळेच म्हणतात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. दादाला फितवलं आणि रविवारी ती झोपलेली असताना गाडी पळवली.

गाड्यांची वायरिंग करणारा माझा एक मित्र आहे. त्याला सगळे ‘बातम्या’ म्हणतात. कारण तो स्पीकर तपासताना गाणं कधीच लावत नाही. “गाणं लबाड असतं,” तो म्हणतो. “वाईट स्पीकरवर पण माणूस डोलतो. बातम्या लाव. बाई बातम्या देतेय आणि तिची दया येत नसेल, तर स्पीकर चांगला.” त्याने दाराचं अस्तर उचकटलं. आत माझा हरवलेला कंगवा आणि कधीकाळची धूळ निघाली. डाव्या दारातला स्पीकर धडधाकट होता. बिजागरीपाशी, दार उघडून-मिटून, वायर तुटली होती एवढंच. तरी आम्ही दोन्ही दारांत नवे स्पीकर घातले, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन बसवले, सीटखाली छोटा अॅम्प्लिफायर सरकवला. दारांच्या पत्र्याला आतून जाड चिकट पट्ट्या लावल्या. आधी दार लावलं की डबा आपटल्यासारखा आवाज यायचा, आता ‘धप’ असा भारदस्त आवाज आला. मी ते दार उगाच पाच-सहा वेळा उघडलं आणि लावलं. मग मागच्या सीटवर बसून आम्ही बातम्या ऐकल्या. निवेदिकेची अजिबात दया आली नाही.

सोमवारी सकाळी मी वहिनीच्या शेजारी जाऊन बसलो. तिने दार लावलं, तो ‘धप’ ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. रागावली, पण हसली. “बरं, ऐकू दे तरी,” म्हणाली. तिने फोन जोडला आणि सरांचं गाणं लावलं.

आधी डाव्या दारातून, माझ्या गुडघ्यापाशी, सरांचा स्वच्छ आवाज आला: “हा खालचा आवाज. वरचा दुसऱ्या बाजूला आहे.” आणि ते गाऊ लागले. त्याच वेळी उजव्या दारातूनही सरच गाऊ लागले, पण वेगळंच काहीतरी. दोन्ही दारांत एकेक सर. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी मान डोलावली.

वहिनीने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे डाव्या दारातले सर कोण?”

तिचं तिलाच उत्तर मिळालं होतं. सरांनी फक्त आपल्यापुरतं पाठवलंय अशी तिची समजूत होती. घरच्या गलक्यात ते तिने कधी ऐकलंच नव्हतं; गाडीत उजव्या दारातून जे यायचं ते मन लावून पाठ केलं होतं, श्वास कुठे घ्यायचा त्यासकट. आणि ते होतं ताईंचं. तिचं स्वतःचं गाणं इतके दिवस तुटक्या वायरीपलीकडे, आईच्या शांत बाजूला, गप्प बसलं होतं.

“तुम्ही दुरुस्त केलं नसतं तर?” तिने विचारलं.

“तर तालमीला दोघींनी वरचंच गायलं असतं,” मी म्हटलं. हे बोलताना मला वाटलं होतं की माझे आभार मानले जातील. तसं काही झालं नाही.

पुढचे दोन दिवस तिने खालचा आवाज बसवायचा प्रयत्न केला. मी उजवं दार बंद ठेवून फक्त डावं चालू करून दिलं. तरी, तिच्याच सांगण्याप्रमाणे, दुसऱ्या ओळीपर्यंत आली की तिचा गळा आपोआप वर जायचा, गल्ली ओळखीची असलेल्या घोड्यासारखा. एका ग्राहकाच्या खालच्या जबड्यावर तिने वरचे दात बसवले तेव्हा मात्र ती खचली. “मी ताईंना सांगून येते,” म्हणाली. “दुसरं कुणी शोधायला त्यांना वेळ तरी मिळेल.” आवाज साधा होता, पण तिने रुमाल काढून नाक पुसलं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मीही येतो.

पोस्टातल्या ताई वृंदाचं नाक. वर्षानुवर्षं वरचा आवाज त्यांचाच, आणि तो कुणी मागू नये म्हणून त्या तिकिटं चिकटवतानाही गुणगुणतात. दुपारच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या, डबा हातातच. वहिनीने सगळं सांगितलं. ताईंना आधी हसू आलं, मग राग आला.

“नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं गाणं येईना आणि गाडी वाकडी,” त्या म्हणाल्या. “बघू तरी काय पाठ केलंयस.”

तिघंही गाडीत बसलो. मी मागे, ताई डाव्या बाजूला. वहिनीने सवयीने काच वर केली, डोळे मिटले आणि गायली. तिला गाडीत लाज वाटत नाही, हे मी विसरलोच होतो. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. जाडा होता, खरंय. पण तो वर चढताना पातळ होत नव्हता, भरलेलाच राहून चढत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून नाही, खरोखरच्या काट्याबद्दल सांगतोय.

ताई डबा मांडीवर ठेवून ऐकत होत्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोकं किंचित वाकवलं आणि खालचा आवाज धरला. त्यांच्या घरचं यंत्र धड होतं, दोन्ही बाजू त्यांनी ऐकलेल्या होत्या. दोन्ही आवाज भेटले तेव्हा गाडीची काच हलकेच थरथरली. मी बसवलेल्या एकाही स्पीकरचा त्यात हात नव्हता.

गाणं संपलं. ताईंनी डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

“वरचं तूच गा,” त्या म्हणाल्या. “सरांना मी सांगते.”

“पण ताई, ते तुमचं…”

“माझं होतं. गेल्या वर्षीपासून शेवटच्या ओळीला माझा दम पुरत नाही. सरांना कळलंय, म्हणून तुला पुढे आणलं असेल. मला कळलं नव्हतं असं थोडंच आहे.” त्या खाली उतरल्या आणि वाकून काचेतून म्हणाल्या, “आणि शनिवारी उशीर करू नकोस. खालचा आवाज एकटा फार वाईट दिसतो.”

कार्यक्रमाला मी आईबाबांना ‘शाळेत काहीतरी आहे’ एवढंच सांगून नेलं. पडदा उघडला आणि वहिनी पुढे उभी दिसली तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं बधिर झाली. वहिनीने सुरुवातीला समोरच्या रांगेतल्या कुणाच्या तरी दातांकडे बघितलं, बहुधा धीर यावा म्हणून. मग डोळे मिटून ती गायली. बाबा पूर्ण वेळ तोंड उघडं ठेवून ऐकत होते. सभागृह टाळ्या वाजवत राहिलं आणि दादा उभा राहून डोळे पुसत राहिला, ते बघून मीही उभा राहिलो.

परतताना आम्ही पाचही जण गाडीत कोंबून बसलो. वहिनी चालवत होती, आई तिच्या शेजारी. आईला अजून नवी यंत्रणा नीट ऐकवलीच नव्हती, म्हणून मी मागून वाकून बटणाकडे हात नेला.

आईने माझ्या हातावर फटका मारला. “ते राहू दे. तू म्हण गं, परत म्हण.”

वहिनीने आरशातून दादाकडे पाहिलं. मग तिने हात खाली नेला आणि आपल्या बाजूची काच फिरवून पूर्ण उघडली. चौकात गाड्या थांबल्या होत्या, बाजूच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला, तरी ती गात राहिली. मी मागच्या सीटवर, माझ्या नव्याकोऱ्या मुक्या स्पीकरांना डोकं टेकून, अतिशय आनंदात ऐकत बसलो.