धामणीच्या पोटातले जंत

बेडूक, सरडे आणि साप यांच्या पोटातले जंत हा माझ्या पीएचडीचा विषय. कुणी विचारलं तर मी नुसतं 'प्राणिशास्त्र' म्हणते. पुढचं सांगितलं की समोरचा माणूस हातातला चहा खाली ठेवतो.

कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. अभ्यासासाठी जिवंत बेडूक मारता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बरीच पत्रापत्री झाल्यावर मला परवानगी मिळाली ती अशी: फक्त मेलेले प्राणी, तेही सापडले त्या जागीच तपासायचे, शरीर बरोबर न्यायचं नाही. म्हणून पावसाळाभर रोज सकाळी स्कूटी काढून मी कोल्हारच्या रस्त्यानं हिंडले. गाड्यांखाली सापडलेले बेडूक रस्त्याकडेला बसून उघडायचे. प्राणी मेला की आतले जंतही लवकरच कुजायला लागतात, त्यामुळे हाती यायचा तो बहुतेक लिबलिबीत गाळ. जे चार-दोन धड मिळाले, त्या सगळ्या माद्या निघाल्या. आणि माझ्या जंतांची जात नीट ठरते ती नराच्या शेपटीवरून. माझे मार्गदर्शक दर वेळी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून एवढंच म्हणायचे, की नर आणा.

त्याच पावसाळ्यात वडील तिसगावहून माझ्याकडे राहायला आले होते. एका सकाळी एसटी स्टँडकडे जाताना त्यांनी मला रस्त्याकडेला बसलेलं पाहिलं. हातात मोजे, पुढ्यात चेंदामेंदा झालेला बेडूक. घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं वाळीत टाकलं तरी परत हात लावला न्हाई. म्हणून मी शाळेत गेलो. अन् तू डॉक्टर होनार ती मेलेलं उचलून?"

हे काम मी निवडलेलं आहे, कुणी लादलेलं नाही, असं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं चुकत नाही हेही कळत होतं, त्यामुळे राग कुठं ठेवावा समजेना. दुसऱ्याच दिवशी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, ते परत गेले.

थंडीत ऊसतोडणी सुरू झाली. रस्त्याकडेच्या काही शेतकऱ्यांना मी नंबर देऊन ठेवला होता. त्यांतल्या एका वयस्कर शेतकऱ्याचा सकाळी फोन आला. उसाच्या ट्रॅक्टरखाली धामण सापडली होती, नुकतीच मेली होती. मी पुढचा तास दुसऱ्या मॅडमना घ्यायला सांगून निघाले.

पोचले तेव्हा बांधावर उसाचं वाळलेलं पाचट रचून ठेवलं होतं. शेतकऱ्याचा चेहरा उतरलेला होता. ही धामण त्यांच्या रानात कित्येक वर्षं उंदीर खात होती, तिला अग्नी द्यायचा होता. उघडून बघते म्हटल्यावर ते धामणीपाशी उकिडवे बसले.

"फाडा," ते शेवटी म्हणाले, "पन शिवून द्या. अशी उघडी न्हाई जाळायची."

जंत थंड स्पिरिटमध्ये टाकले की आकसून वेटोळे होतात, मग काही दिसत नाही. एका तोडणीवाल्या बाईनं आपल्या कोपीतल्या, पाचटाच्या झोपडीतल्या, चुलीवर पातेलंभर पाणी तापवून दिलं. त्या पाण्यात स्पिरिटची बाटली धरून मी ती गरम केली. जठर उघडलं आणि आत जंत होते, शेवयांसारखे, पांढरे आणि जिवंत. गरम स्पिरिटमध्ये पडताच ते ताणून सरळ होत गेले. मी भिंग लावलं. काहींची शेपटी टोकाला पसरट होती. नर होते ते. मी आनंदानं त्या बाईला बाटली दाखवली. तिनं पदर नाकाला लावला, पण बघितलं.

मग दाभण आणि सुतळी घेऊन मी धामण शिवली. शेतकऱ्यानं टाके हात फिरवून तपासले आणि मान डोलावली. आग पेटेपर्यंत मी थांबले.

जंत दोन बाटल्यांत वाटून, त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून मी त्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या. मार्गदर्शक सरांकडे जायची वेळ चार दिवसांनी मिळाली होती, आणि मधे माझी परीक्षेची ड्यूटी होती. नेमकी त्याच दिवसांत कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून झाडलोट निघाली. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर बाटल्या होत्या. स्वच्छ, कोरड्या, उपड्या.

प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना विचारलं. ते खूश होते.

"सगळ्या जुन्या बाटल्या घासल्या मॅडम. चार तास लागले."

"आतलं काय केलं?"

"ते व्हय? बेसिनमदी ओतलं. लई वास हुता."

त्यांना काय बोलणार? कपाट रिकामं करा, असं त्यांना सांगितलं होतं, त्यांनी केलं. ज्यांनी सांगितलं त्या विभागप्रमुखांकडे गेले, तर ते फाइली लावता लावता म्हणाले, की सापच तर आहे, आणखी एक बघा. समिती आली, प्रयोगशाळेत दहा मिनिटं थांबली आणि कपाटं चकचकीत आहेत म्हणून शेरा देऊन गेली.

मोबाईलमधले फोटो मी सरांना दाखवले. त्यांत पांढऱ्या रेघा होत्या, शेपटीचा पत्ता नव्हता. मी स्वतः पाहिले आहेत, असं म्हटलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "बाटलीत नाही ते पाहिलं असं लिहिता येत नाही."

वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "कपाटाला कुलूप का न्हाई लावलं?" मी फोन ठेवून दिला. कपाटाची किल्ली तासिकेवाल्यांना मिळत नाही, हे त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं.

प्रबंधातल्या सापांच्या प्रकरणात आता एक ओळ आहे: नराचा नमुना उपलब्ध नाही. ती टाइप करायला मला अख्खी दुपार लागली.