सांधा न दिसणारं घर

माझ्या भाचीच्या घरी गेलं की आधी चपला बाहेर ठेवायच्या आणि मग आवाजही. दारातच ती ओठांवर बोट ठेवते, जणू आत तान्हं बाळ झोपलंय. आत कुणीही झोपलेलं नसतं. आत ओल्या राखेच्या रंगाची एक मोठी खोली असते आणि तिच्यात तीन वस्तू. जमिनीलगतचं बुटकं टेबल, मातीच्या भांड्यात खोचलेली एक वाळकी फांदी, आणि वाळूचं तबक. वाळूवरून लाकडी फणी फिरवायची, रेघा ओढायच्या, मन शांत होतं म्हणे. मी एकदा ओढून बघितल्या. माझं मन जागचं हललं नाही. या सगळ्याला झेन म्हणतात, आणि घर असं शांत कसं करायचं हे भाची लोकांना शिकवते. रोज दोन तास, कॉम्प्युटरसमोर, खोलीचं दार लावून.

एका खोलीत तीनच वस्तू, हा तिचा नियम. तिचे वडील राहायला आले तेव्हा चार झाल्या. त्यांना तिने खिडकीशी, एका राखाडी गादीवर बसवलं.

ते माझे दाजी. धंद्याने रंगारी. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि दुसरं काही जमेना म्हणून तीस वर्षं त्यांच्याच जोडीला भिंती रंगवल्या. माणूस कामाला वाघ आणि तोंडाने त्याहून वाईट. माझा हात चुकला की ब्रश फेकून मारायचे, आणि नेम चुकत नसे. त्यांचं एकच वेड होतं, सांधा दिसता कामा नये. भिंत अर्ध्यावर सोडली की रंगाची कड वाळते, मग पुढचा रंग तिच्यावर चढतो आणि उजेडात पट्टा दिसतो. तो सांधा. म्हणून हातात घेतलेली भिंत पुरी केल्याशिवाय दाजी खाली उतरत नसत. भाचीच्या वेळी माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही एका दवाखान्याच्या भिंतीवर होतो. "पहिलटकरीण आहे, वेळ लागतो," म्हणाले आणि भिंत पुरी केली. पोचलो तेव्हा पोरगी जन्मून, रडून, झोपून गेली होती. बहिणीने ते मरेपर्यंत ऐकवलं.

भाचीचं हे घरही आम्हीच रंगवलं. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. रिकाम्या खोल्या, फिकट भिंती, फिकट फरशी, भिंतीच्याच रंगाची दारं. दाजी म्हणाले, "पोरी, यात रंग कुठंय?"

"रंग नाही हीच तर शांतता, बाबा."

दोन दिवस त्यांनी तिची टर उडवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला कारागीर जागा झाला आणि मग कुणाचं ऐकेनात. फळीवर सात वेळा रंग मिसळून पाहिला, तेव्हा कुठे हवी ती राख सापडली. जमिनीपासून छतापर्यंत तीच. बाथरूमच्या दाराला कडीदेखील नको, ढकललं की उघडावं, असं भाचीचं म्हणणं. दाजींनी चौकट लांबीची पुट्टी भरून, घासून अशी सपाट केली की दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते मलाही कळेना. जावयाला उभं केलं आणि म्हणाले, "दाखवा शोधून." जावयाने भिंतच ढकलली. आम्ही पोट धरून हसलो, सगळ्यात जास्त दाजी. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण धोंडा पडायला अजून दोन वर्षं होती.

दोन वर्षांत माझी बहीण गेली आणि दाजींचे डोळे गेले. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, "आतला पडदा झिजलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. गडद रंग दिसेल. फिकट वस्तू फिकट भिंतीत मिसळून जाईल." चाळीस वर्षं रंगात काढलेल्या माणसाला हे ऐकवलं. दाजींनी मान डोलावली, गिऱ्हाइकाने शेड सांगितल्यासारखी.

मग भाचीने त्यांना आपल्याकडे नेलं. तिला नावं ठेवणार असाल तर आधी हे ऐका. दोन वेळचं गरम जेवण, स्वच्छ कपडे, औषधं घड्याळाच्या ठोक्याला. आवाज चढवून ती बापाशी कधी बोलली नाही. फक्त त्या घरात दाजींना काही दिसत नव्हतं. राखाडी गादी, राखाडी फरशी, राखाडी पायरी, राखाडी कप. टेबलावर ठेवलेला चहा ते हाताने चाचपत आणि सांडत. बाथरूम दहा पावलांवर होतं. पण दार भिंतीत विरघळलेलं, आणि ते विरघळवणारा हा असा भिंत चाचपत उभा. मग हाक मारायची, "पोरी, जरा." ती यायची, हात धरून न्यायची, बाहेर थांबायची. ज्याने कुणापुढे मान तुकवली नाही, त्याला दिवसातून सहा वेळा लेकीला हे सांगावं लागायचं.

"पाणी कमी करायचं," त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं, धंद्यातली खुबी सांगावी तसं. "सकाळी एक पेला, मग थेट जेवताना. हाका निम्म्यावर येतात."

माझं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी मी वायरमन वापरतात ती लालभडक चिकटपट्टी घेऊन गेलो. भाचीचा वर्ग चालू होता, दार बंद. मी बाथरूमच्या दाराला आडवा पट्टा मारला, पायरीच्या कडेला एक, काचेच्या दारावर फुली, आणि दाजींच्या कपाला गोल. दाजी उठले. भिंतीला हात न लावता चालत गेले, पट्ट्यावर तळवा ठेवला, दार ढकललं. परत आले तेव्हा छाती पुढे काढून आले.

"जाऊन आलो," म्हणाले.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडावर त्या दोन शब्दांचा एवढा आनंद मी पाहिला आणि मला लाज वाटली, का ते आजही धड सांगता येणार नाही. त्या दिवशी ते तीन पेले पाणी प्यायले.

पुढच्या रविवारी पट्ट्या नव्हत्या. भाचीने केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, रंग निघू नये म्हणून सावकाश सोलून काढल्या होत्या.

"मामा, तू विचारायचंस तरी. घरात पाऊल टाकलं की तो लाल पट्टा डोळ्यांत खुपतो."

"तुझ्या बापाला तेवढंच दिसतं गं!"

"मी आहे ना. हाक मारली की येते की नाही? विचार त्यांना."

"आणि वर्ग चालू असतो तेव्हा?"

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, लग्नापर्यंत मी एका खोलीत तुमच्या रंगाच्या डब्यांमध्ये झोपले. टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं दुखायचं, आणि वर तू, बाबा आणि तुमची माणसं ओरडत असायची. मला एक शांत घर हवं होतं. एवढंच हवं होतं."

खरंच होतं ते.

तिने मधला मार्गही काढला. भिंतीपेक्षा एकच छटा गडद अशी राखाडी पट्टी आणली आणि स्वतः दाराला लावली. मग वडिलांना समोर उभं केलं. "दिसते का, बाबा?"

दाजी भलतीकडेच बघत होते. "दिसते की. छान आहे," म्हणाले. लेकीने एवढं केलंय, तर तिचा विरस कशाला. आयुष्यभर लोकांच्या रंगाला तोंडावर नावं ठेवणारा माणूस उतारवयात खोटं बोलायला शिकला, तेही अशा चुकीच्या वेळी. भाचीला वाटलं, प्रश्न मिटला. दाजी पुन्हा एका पेल्यावर आले.

मग एका मासिकाची माणसं घराचे फोटो काढायला येणार असं ठरलं. लाल पट्टी सोलताना बाथरूमच्या दाराचा थोडा तरी रंग निघालाच होता. ती राख जमवायची कशी हे दाजींना आणि मला सोडून कुणाला ठाऊक? भाचीने मला बोलावलं. तुकडा रंगवला तर डाग दिसणार, म्हणून सकाळीच मी दारावरची राखाडी पट्टी काढून दारासकट सगळी भिंत घ्यायला सुरुवात केली. फोटोवाला वेळेआधी आला. त्याचा कॅमेरा खिडकीकडे तोंड करून होता, माझी भिंत त्याच्या पाठीमागे.

"आजोबांना तसंच बसू द्या," तो भाचीला म्हणाला. "काय शांत चेहरा आहे! असा चेहरा मागून मिळत नाही."

दाजींच्या अंगावर राखाडी सदरा होता. भाचीने पायाशी वाळूचं तबक सरकवलं, फणी हातात दिली. फोटो निघत राहिले. उजेड बदलला की पुन्हा. तासाभराने दाजी म्हणाले, "पोरी, जरा."

"पाचच मिनिटं, बाबा. उजेड जाईल."

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. मी स्टुलावर होतो. वळून पाहिलं तर दाजींच्या पायांची बोटं गादीत रुतली होती आणि फणी धरलेली मूठ पांढरी पडली होती. चेहरा मात्र तसाच, शांत. फोटोवाल्याला शांतता दिसत होती. मला कळत होतं काय ते. तीस वर्षं एका शिडीवर काढली की माणूस पाठमोरा असला तरी कळतो.

मी उतरायला हवं होतं. ब्रश डब्यात टाकायचा, दहा पावलं जायचं, त्यांचा हात धरायचा. पण रंगाचा दुसरा हात भिंतीच्या मध्यावर आला होता. ओली कड समोर होती. आत्ता सोडली तर वाळेल.

"दाजी, एवढी भिंत झाली की नेतो," मी म्हणालो.

आणि तो माणूस, त्या अवस्थेत, म्हणाला, "मध्ये सोडू नकोस. पुरी कर आधी."

मी पुरी करू लागलो. शपथेवर सांगतो, सावकाश करू लागलो. नीट.

मागे फोटोवाला "अहो आजोबा, आजोबा," असं काहीतरी म्हणाला. दाजी उठले होते. तबक लाथेने उलटलं, वाळू पसरली. एक हात पुढे करून ते आले आणि तळवा माझ्या ओल्या भिंतीवर टेकला. मग दुसरा. चाचपत सरकू लागले, भराभर, दोन्ही हातांनी राख फरफटवत. दाराच्या वीतभर अलीकडे थांबले. वीतभर. भाची धावली, मी उडी मारली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं. बाथरूमपुढच्या राखाडी चटईवर गडद डाग पसरत गेला, आणि तेवढा मात्र त्यांना दिसला असावा, कारण ते खालीच बघत होते.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. भला माणूस. भाचीने वडिलांना आत नेलं, अंघोळ घातली. तिला रडू येत होतं, ते ती आवाज न करता रडली.

दाजी कोरडे होऊन गादीवर बसले आणि पहिला प्रश्न मला केला. "हात उमटले का रे?"

"उमटले."

"ओलं आहे तोवर सपाट करून घे. वाळलं तर जन्मभर दिसतील."

मी रोलर फिरवला. दहा मिनिटांत त्यांच्या दहाही बोटांची निशाणी पुसून टाकली, आणि काम चोख केलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने मोठ्या माणसांचे डायपर आणले. गठ्ठा कपाटात, कुणाला दिसणार नाही असा. "आता बाबांना उठायची गरजच नाही," ती मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरा दिलासा होता. दाजी पाणी पितात आता, हवं तेवढं. हाक मारत नाहीत. चार महिन्यांत पायातलं बळ गेलं, आता दोघांनी धरल्याशिवाय उभं राहवत नाही. मासिक आलं. त्यात दाजी पानभर आहेत, हातात फणी. भाचीच्या वर्गाला माणसं वाढली.

मी अजून दर रविवारी जातो. चपला काढतो, हळू बोलतो, चहा पितो, निघतो. एक वाक्य मी त्यांच्यापाशी कधी बोललो नाही, आणि ते नुसतं बोलायला काही लागत नव्हतं. माझं घर जुनं, अडगळीचं. उरलेले डबे जसे संपवले तशा भिंती, एक हिरवी, एक पिवळी. बाथरूमचं दार गडद निळं, लांबून दिसणारं. तिथे ते एकटे गेले असते आणि एकटे आले असते. पायांत बळ होतं तोवर मला हे रोज सुचत होतं. पण एकदा आणलं की परत कोण नेणार, असं मनात यायचं आणि मी उठून चपला घालायचो.