वैशाखात नेलेला गणपती

बाबा फाल्गुनात गेले आणि वैशाखापर्यंत मला काहीही झालं नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. लोक भेटायला येत, माझ्याकडे बघून डोळ्यांना पदर लावत, आणि मी त्यांना पाणी देऊन पुन्हा मूर्तींना पॉलिशपेपर मारायला बसे. बाबा गेले हे मला कुणाला तोंडानं सांगावंही लागलं नव्हतं. हमरापुरात आपल्या घरातली गोष्ट आपल्याआधी शेजाऱ्यांना ठाऊक असते.

आमचा गणपतींचा कारखाना घराला लागूनच आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. तिथे बाबांचं स्वतःचं म्हणून एकच काम होतं, आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळा रंग झाला की शेवटी डोळे. सकाळी अंघोळ करून बसायचे, ब्रश आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचे आणि मगच मूर्तीला लावायचे. मला पीतांबर येतो, शेला येतो, सोंडेवरचं गंध येतं. डोळे मात्र रागावलेले उतरतात. "तुझा गणपती बघतो कसा, जप्तीला आल्यावाणी," असं बाबा म्हणत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण बाकीच्या जगात गमतीची असेल, आमच्याकडे ती शिवी आहे.

डोळे यायचे ते दादाला. पण दादा रोह्याला कंपनीत लागला, तिथे नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहिला, आणि बाबा त्याला म्हणाले, "कारखाना सोडलास ना, मग आता डोळ्यांना हात लावायचा नाय." बाबा रागात बोलले असतील, दादानं ते गाठीला बांधून ठेवलं. बाबांना अग्नी द्यायला तो आला, तेराव्यापर्यंत राहिला, पण कारखान्यात पाऊल टाकलं नाही. आता शेडमध्ये फळ्यांवर रांगाच्या रांगा उभ्या होत्या, रंगवलेल्या, दागिने घातलेल्या आणि आंधळ्या. ज्येष्ठात व्यापारी माल न्यायला येणार. दादा आला नाही तर कारखाना बंद, हे आईला कळत होतं आणि मलाही. फरक एवढाच की तिला कारखान्याची काळजी वाटत होती, मला नाही.

"फोन कर त्याला," मी म्हटलं.

"फोनवर नाय म्हणायला काय लागतं?" आई म्हणाली. "त्याच्या घरचा गणपती नेऊन दे त्याला."

दादाच्या घरचा गणपती दरवर्षी आमच्याकडूनच जाई. शाडूचा, हातभर उंचीचा, बाबांनी स्वतः आखलेला. श्रावणात बाबा मोटरसायकल चालवत, मी मागे मांडीवर मूर्ती घेऊन बसे. तिथे पोचल्यावर बाबा इमारतीखाली गाडीवरच बसून राहत आणि मी वर जाऊन मूर्ती देऊन येई. बोलणं बंद होतं, गणपती चालू होता.

"पण यंदाच्याला डोळे कुठे आहेत?" मी विचारलं.

"ज्याच्या घरचा हाय त्यानं बघावं," असं म्हणून आई भाकऱ्या थापायला बसली.

बाबांची गाडी दिवाळीत ते आजारी पडल्यापासून शेडच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर प्लास्टरची धूळ इतकी बसली होती की तीही आमच्याच साच्यातून निघाल्यासारखी दिसे. प्लग काढून घासला, कार्बोरेटर उघडून साफ केला, जुनं पेट्रोल ओतून टाकलं, साखळीला तेल दिलं. चाकांत रंग फवारायच्या कॉम्प्रेसरनंच हवा भरली. टाकीवर गंजाचे चट्टे उठले होते. ते पॉलिशपेपरनं घासले आणि शेल्याच्या लाल रंगानं भरलेली गन हाताशीच होती, म्हणून टाकीवर मारली. कडेनं सोनेरी काठही काढला. हे करताना मी विचार काय केला असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. त्या दिवसांत मी विचार करतच नव्हतो, हात चालत होते.

आईनं टाकी बघितली. "रंग कुठला मारलास?"

"आपलाच."

तिनं वर आभाळाकडे बघितलं. "पाऊस पडायच्या आत परत ये," म्हणाली.

आमचा रंग पाण्यात जाण्यासाठीच केलेला असतो. विसर्जनाच्या रंगानं मोटरसायकल रंगवणारा माणूस जगात दुसरा नसेल.

पत्र्याच्या पेटीत पेंढा भरून मूर्ती निजवली, शेजारी बाबांचे ब्रश आणि काळ्या रंगाची वाटी ठेवली, पेटी मागच्या सीटवर दोरीनं आवळली आणि निघालो. पेणमधून वडखळला आलो तोवर ऊन डोक्यावर चढलं होतं. हायवेचं काम चालू, ट्रकांच्या मागे धुळीचा लोट. मी खड्डा आला की पाय टेकत होतो, गाडी चालवत नव्हतो, बैलगाडीसारखी हाकत होतो. मागचे हॉर्न वाजवून शिव्या देऊन पुढे जात होते. माझं काही म्हणणं नव्हतं. नागोठण्याहून खिंडीचा रस्ता जवळचा, पण वळणांवर पेटी हलेल म्हणून कोलाडवरून गेलो. तिथे एका टपरीवर उतरून बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं आणि तसाच ओल्या कपड्यांनी गाडीवर बसलो. गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची माझी सवय. रोहा येईपर्यंत पँट मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत लाल झाली होती. हात पँटला पुसत होतो आणि त्याच हातांनी तोंडावरचा घाम. मला पत्ता नव्हता.

पूल ओलांडून अष्टमीत शिरलो, पेटी उचलून जिना चढलो. दादा पहिल्या शिफ्टवरून नुकताच आला होता. त्यानं दार उघडलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पडलास? कुठे पडलास? अगो, पाणी आण!" त्यानं वहिनीला हाक मारली, मला खाली बसवलं, माझं डोकं चाचपलं, पँट वर सारून पाय बघितले. "बोल की रे! तुझ्यावाचून कोण हाय आता आम्हांला?"

मी बघत राहिलो. एवढी धावपळ कुणासाठी चाललीय हे मला खरंच उमजत नव्हतं. मग त्यानं बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली.

"हा तर आपला रंग हाय."

"गाडीला मारला होता."

त्यानं आधी शिवी हासडली, मग तो हसला, आणि मग भिंतीला टेकून बसला. वहिनीनं कोकमाचं सरबत आणलं. सरबत संपेपर्यंत पेटीकडे कुणी बघितलं नाही.

"वैशाखात गणपती?" शेवटी तो म्हणाला. पेटी उघडली, पेंढा बाजूला केला. गणपतीच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी पांढरे गोल होते. दादानं एका गोलावरून बोट फिरवलं.

"आईनं पाठवलाय?"

"व्हय."

"तू काढ ना डोळे."

"माझा जप्तीला येतो."

"बाबांनी नाय म्हटलं होतं मला."

"माहीत हाय," मी म्हटलं. मी पेटीवर झाकण ठेवू लागलो, तर त्यानं माझा हात धरला. "थांब. आंधळा कसा ठेवू घरात?"

तो अंघोळ करून आला. मूर्ती खिडकीपाशी ठेवली, ब्रश रंगात बुडवला, आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघितली.

पहिला डोळा बिघडला. इतक्या वर्षांनी हात कुठला राहतोय? पापणी जाड आली, नजर तिरकी गेली. आम्ही दोघं त्या डोळ्याकडे बघत बसलो. मग दादानं वहिनीकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि हलक्या हातानं डोळा पुसून टाकला. आमचा रंग पाण्यानं जातो. पांढरा गोल पुन्हा मोकळा झाला. त्यानं पुन्हा काढला, पुन्हा पुसला. ऊन खिडकीतून सरकून पलंगावर गेलं तेव्हा गणपती आमच्याकडे बघत होता. बाबांच्या गणपतीसारखा नव्हे. जरा थकलेला, पण रागावलेला मुळीच नाही.

"शेडमध्ये किती हायत?" दादानं ब्रश धुता धुता विचारलं.

"सगळेच हायत."

"गाडी इथंच ठेव. सुट्टी टाकून मी घेऊन येतो."

मी एस.टी.नं निघालो. माझी लाल पँट बघून लोक अंग चोरून बसत होते. शेजारी मात्र करवंदांची पाटी मांडीवर घेऊन एक कातकरी म्हातारी टेकली. नागोठण्याच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की आपण रडतोय, आणि बराच वेळ रडतोय.

"काय झाला रं?" तिनं विचारलं. "कुटं लागला?"

"नाय, रंग हाय तो," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "माझे बाबा गेले."

"कवा?"

"फाल्गुनात."

म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं. "मंग आत्ता रडतंस व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.